माहिती आणि ओळख

(बी. ए. द्वितीय वर्ष)

एखाद्या माणसाविषयी आपल्याला पुष्कळ माहिती असते. पण तेवढ्यावरून त्याची आपली ओळख आहे असे म्हणता येत नाही. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांचे नाव मला ठाऊक आहे, कचेरी कोठे आहे हेही ठाऊक आहे. पण अडचण आली तर त्यांच्या दारात जाऊन ‘मी आले’ एवढेच म्हणून मला चालणार नाही. उलट माझ्या आईची जन्मतारीख मला सांगता येत नाही; तथापि तिच्या भांडी ठेवण्याच्या आवाजावरून तिचे मन मला कळते. ईश्वराच्या बाबतीतही माहिती वेगळी आणि ओळख वेगळी असते काय, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे अनुभवले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

मी पूर्णा तालुक्यातील चुडावा या गावची. वडील रेल्वेत गँगमन आहेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. घराणे आजोबांपासून ख्रिस्ती असल्यामुळे दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, येशूचे दृष्टांत हे सारे मला पाढ्यांसारखे पाठ आहे. आजीला अक्षरओळख नाही, म्हणून रोज रात्री मी तिला नवा करार वाचून दाखवते. एके रात्री वाचन संपल्यावर तिने विचारले, “तू देवाला बोलतीस का गं, का नुसतं वाचतीस?”

“प्रार्थना म्हणते की रोज,” मी म्हणाले.

“म्हणतीस, ते ऐकती मी. बोलतीस का?”

मला उत्तर देता आले नाही. कारण त्या दिवसांत मी घरात एक गोष्ट लपवून ठेवली होती. प्रथम वर्षाला मी इंग्रजीत नापास झाले होते आणि घरी ‘पास झाले’ असे सांगितले होते. मुलगी नापास झाली की आमच्याकडे पुढचा विषय लग्नाचाच निघतो. रोज रात्री मी पाठ केलेली प्रार्थना म्हणत होते आणि ही एक गोष्ट सोडून देवाला सर्व काही सांगत होते.

योगायोगाने त्याच सुमारास मला स्त्री-सुधारकांवर निबंध लिहायचा होता. ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र आणले. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतवरील प्रभुत्वामुळे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची गोष्ट येथेच संपते, अशी माझी समजूत होती. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतःच सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. एवढी विद्वान, मूळ भाषांतून शास्त्र वाचू पाहणारी बाई हे उघडपणे लिहिते! आपण पुरेशा शुद्ध झाल्यावर देव आपल्याला जवळ करील, असे नसून आहोत तशाच त्याच्यापुढे जायचे आहे, हे त्यांना तेव्हा कळले. मी पुस्तक मिटले. रमाबाईंना आठ वर्षे लागली; मी तर जन्मापासून एकोणीस वर्षे धर्मावरच समाधान मानून होते.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एका युरोपियन गृहस्थाने नव्या कराराची प्रत दिली. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी ते पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मीही रोज गाडीने कॉलेजला येते, म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटला. पण त्याहून अधिक शिकवून गेल्या त्या लक्ष्मीबाई टिळक. पती ख्रिस्ती झाले म्हणून त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळे कडक पाळणाऱ्या या बाईने वियोगाचे दुःख सोसले आणि स्वतःच्या मनाचा निर्णय झाला तेव्हाच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे कोठेही आव न आणता सांगितले आहे. यातून मला कळले ते असे, की ईश्वराची ओळख उसनी घेता येत नाही. ना पतीकडून, ना आजोबांकडून.

येथे कोणी म्हणेल, की देवाशी असे घरच्या माणसासारखे बोलणे हे परदेशातून आलेले आहे. मला तसे वाटत नाही. आपल्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंनी विठ्ठलाला दळण-कांडणात सोबतीला घेतले, त्याच्यावर रुसण्याचाही हक्क घेतला. दोन्ही वाटा एकच आहेत, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु टिळकांनीही ख्रिस्ताची भजने अभंगाच्या वळणाने लिहिली, आणि माझी आजी ज्वारी निवडताना प्रभूला “आता तूच बघ बाबा” असे म्हणते, तेव्हा ती भाषा याच मातीची असते.

त्या रात्री मी पाठ केलेली प्रार्थना म्हटली नाही. अंथरुणावर पडून मनातच म्हणाले, “मी नापास झाले आहे आणि मी खोटे बोलले आहे.” कोणताही प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. फक्त ज्याच्यापासून लपत होते, त्याला हे आधीच ठाऊक होते आणि तरी तो गेला नव्हता, असे वाटले. आणि मला रडू आले. सकाळी वडील ड्यूटीवर निघण्यापूर्वी मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. चहा झाल्यावर उठले, डबा घेतला आणि दारात थांबून म्हणाले, “फीस कधी भरायची?”

पुढे तो विषय सुटला. पण देवाने मला पास केले, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी व्याकरण घोकावेच लागले. मला मिळाले ते वेगळे. ओळखीत लपवाछपवी चालत नाही, हे मला कळले. आणि ओळख झाली की ती वागण्यात उतरावी लागते, हेही. १८९७ च्या सुमारास दुष्काळातील अनाथ मुलींना रमाबाईंनी केडगावला आणले. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या त्या बाईला त्या मुलींची भूक ठाऊक होती. मी एवढे मोठे काही केलेले नाही. सध्या फक्त घरी खरे बोलते.

आजी अजूनही रात्री वाचन ऐकते. मात्र आता वाचन संपल्यावर दिवा लगेच मालवायचा नाही, असा आमच्यात करार झाला आहे. थोडा वेळ आम्ही दोघी गप्प बसतो, आणि मग जे असेल ते बोलतो.