वेळापत्रक कारखान्यापासून सुरू कर

चि. मृणाल हिस,


पाणीपुरवठा योजनेवर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. तू पाठवलेलं वेळापत्रक सावकाश वाचलं. जॅकवेलच्या कामाचे टप्पे तू फार बारकाईने पाडलेस. पण खाली ‘पंप खरेदी’ अशी एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे एक लांब पट्टी. व्हॉल्व्हची तशीच, ट्रान्सफॉर्मरचीही तशीच. माझी सगळी नोकरी खरेदी खात्यात गेली, म्हणून त्या तीन ओळींसाठीच हे पत्र.

ती पट्टी फोड. चौकशीपत्र, कोटेशन, तांत्रिक छाननी, ऑर्डर, कारखानदाराचं ड्रॉइंग, आपल्या सल्लागाराची मंजुरी, कास्टिंग, मशीनिंग, चाचणी, तपासणी, रवानगी, वाहतूक, साइटवर उतरवणं. प्रत्येक पायरी वेगळ्या माणसाच्या हातात आहे, म्हणून प्रत्येकीपुढे तारीख हवी आणि माणसाचं नाव हवं. ‘खरेदी विभाग’ हे नाव नव्हे.

यातही ड्रॉइंगवर सगळ्यात जास्त लक्ष ठेव. पंपहाउसचं छत झाल्यावर पंप लागेल, असं धरून तू मागे मोजत ऑर्डरची तारीख काढलीस. पण पंपाच्या फाउंडेशनचे बोल्ट कुठे येणार, स्लॅबमध्ये भोक केवढं सोडायचं, मोटरसकट भार किती, हे कारखानदाराच्या पक्क्या ड्रॉइंगशिवाय कळत नाही. आणि ऑर्डर हातात पडल्याशिवाय तो पक्कं ड्रॉइंग देत नाही. म्हणजे पंप साइटवर यायच्या कितीतरी आधी त्याचा एक कागद तुझ्या स्लॅबचं काम अडवून धरतो. तुझ्या वेळापत्रकात सिव्हिल आणि खरेदी यांना जोडणारा एकही दुवा नाही. तो घातलास की ऑर्डरची तारीख बरीच अलीकडे सरकेल. अंदाजाने स्लॅब भरून नंतर त्यात कोअर कटर चालवलेले पंपहाउस मी पाहिलेत. त्या वेळी खरेदीवाले आणि सिव्हिलवाले एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि वेळापत्रकात तो दुवाच नसल्यामुळे दोघांचंही खरं असतं.

दुसरी गोष्ट पावसाची. भिंतीत काँक्रीटबरोबरच भरायचा पडल पाइप तीन आठवडे उशिरा आला, तर सॉफ्टवेअर तुला काम तीन आठवडे लांबल्याचं दाखवेल. नदीचा हिशेब वेगळा आहे. पाणी चढायच्या आत जॅकवेलच्या भिंती पुराच्या पातळीवर निघाल्या नाहीत, तर पुन्हा हात लावायला दिवाळी उजाडते. म्हणून साहित्य किमतीवरून लहानमोठं ठरवू नकोस. ते चुकलं तर काय थांबेल, यावरून ठरव.

साहित्याची वेळ सांभाळणं मोठ्या मोठ्या कंपन्यांनाही जड गेलंय. बोइंगने ७८७ विमानाचे पंख जपानमधून, धडाचे काही भाग इटलीतून, असं जगभरातून आणून अमेरिकेत जोडायची योजना केली. ८ जुलै २००७ ला पहिलं विमान समारंभाने बाहेर काढलं, तेव्हा त्यात तात्पुरते फास्टनर घातलेले होते, कारण खरे पुरेसे मिळालेच नव्हते. मे २००८ मध्ये द्यायचं पहिलं विमान जपानी कंपनीला मिळालं सप्टेंबर २०११ मध्ये. उशिराला इतरही कारणं होती. पण एवढ्या मोठ्या विमानात एक फास्टनर ही काय वस्तू, असं कोणी म्हणालं की हे आठव.

चांगलं उदाहरण तर आपल्याजवळच आहे. शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटरपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. जहाजांच्या वाटा आणि तळाच्या पाइपलाइन टाळायला काही ठिकाणी लांब गाळे हवे होते, सर्वांत लांब १८० मीटरचा. त्यासाठी पोलादी डेक वापरला. त्याचे भाग जपान, तैवान, व्हिएतनाम, म्यानमार इथे बनले, जहाजाने आले, उरणजवळच्या करंजाला जोडले गेले आणि तिथून अख्खे गाळे बार्जवरून नेऊन खांबांवर चढवले. परदेशातला कारखाना, बोट, जोडणीचं आवार, भरती-ओहोटी आणि समुद्रातला खांब, यांना वेगवेगळ्या खात्यांची वेगवेगळी वेळापत्रकं पुरली नसती. खांब तयार आणि गाळा नाही, हे जितकं महाग तितकंच गाळा तयार आणि खांब नाही, हेही.

म्हणून सगळं आधीच आणून ठेवू, असंही करू नकोस. तीन महिन्यांहून जास्त पडून राहिलेलं सिमेंट पुन्हा तपासावं लागतं. मोठा ट्रान्सफॉर्मर तेल न भरता, आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा ठेवून येतो. त्याच्या दाबाकडे रोज पाहणारा माणूस लागतो. आणि तो यायच्या आधी त्याच्या वाटेवरचे पूल, विजेच्या तारा आणि वळणं पाहून ये. नकाशावर पाहून भागत नाही.

आता माणसांबद्दल. व्हॉल्व्हची कास्टिंगं कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणार म्हणालीस. तिथे एकदा स्वतः जा. परप्रांतातले कामगार छठपूजेला गावी गेले की भट्टीवर किती हात उरतात, मार्चअखेरीला तपासनीस आणि ट्रक मिळायला किती वेळ लागतो, हे तिथल्या सुपरवायझरला विचार आणि ते दिवस वेळापत्रकात घाल. फाउंड्रीचं बिल अडलंय का, हेही बघ. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. ज्याचे पैसे थकलेत तो भंगार आणि कोक उधारीवर आणतो, आणि पुढचं कास्टिंग रोखीने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं ओततो. त्याला दोष कसा द्यायचा? हिशेब खात्याशी बोलणं हे प्लॅनिंग इंजिनिअरचं काम नाही, असं तुझे वरिष्ठ म्हणतील. तू तरीही बोल.

दर आठवड्याच्या बैठकीला खरेदीच्या माणसाला बोलाव आणि त्याला शेवटी नको, सुरुवातीला बोलू दे. ‘ऑर्डर दिली आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नकोस. कास्टिंग ओतलं का, चाचणीची तारीख मिळाली का, असं विचार.

पट्ट्या फोडून फाइल परत पाठव. दुवे घातल्यावर क्रिटिकल पाथवर जी नवी कामं येतील ती लाल कर, रविवारी फोनवर एकेक पाहू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा