एकाच विभागांतील नांव कसें बदलावें?

सन २०२३ मध्यें आमच्या औरंगाबाद शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर असें झालें, आणि पाट्यांबरोबर संगणकांतील फायलीही दुरुस्त करण्याचें काम अनेक कचेऱ्यांवर येऊन पडलें. अशा एका कामीं आमच्या हातून घडलेली चूक विद्यार्थीमित्रांपुढें मांडतों.

संगणकावरील कार्यक्रमानें कसें वागावें हें ज्या साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलें असतें, तिला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. आमच्या फायलींत तीन विभाग होते:

[पत्ता]
शहर=औरंगाबाद
[जुने-निकाल]
फोल्डर=औरंगाबाद-२०१९
[परराज्य]
शहर=औरंगाबाद, बिहार

आम्हीं 'सेड' या साधनास सरसकट नांव बदलण्याची आज्ञा दिली. क्षणार्धांत बिहारांतील औरंगाबादही संभाजीनगर झालें! तें हंसण्यावारी गेलें. परंतु डिस्कवरील फोल्डर जुन्याच नांवाचें राहिल्यामुळें, दाखल्यासाठीं आलेल्या माजी विद्यार्थ्यांचे निकाल कार्यक्रमास सांपडेनात.

सेड फाईल ओळीमागून ओळ वाचतें. आज्ञेपूर्वीं दोन खुणा स्वल्पविरामानें जोडून दिल्यास तेवढ्याच टापूंत तें काम करतें:

/^\[पत्ता\]/,/^\[/

येथें टोपीसारखें चिन्ह म्हणजे ओळीचा आरंभ. कंसास सेडच्या भाषेंत निराळा अर्थ असल्यामुळें, तो साधा कंसच समजावा म्हणून मागें तिरपी रेघ दिली आहे. एकूण अर्थ असा कीं, 'पत्ता' या शीर्षकापासून पुढील कोणत्याही शीर्षकापर्यंत. मग 'पत्ता' हेंही शीर्षकच असतां टापू तेथेंच कां संपत नाहीं? कारण शेवटची खूण सेड पुढच्या ओळीपासून शोधूं लागतें. मात्र पुढील शीर्षकाची ओळही टापूंत येते. तिच्यांत तेंच नांव असेल तर तेंही बदलेल. तेथें १९७७ सालीं जन्मलेलें 'ऑक' हें साधन बरें. प्रत्येक शीर्षकाशीं 'आपण कोणत्या विभागांत आहों' याची नोंद त्यांत सहज ठेवतां येते.

आणखी एक अडचण आपल्या लिपीची. कोणी 'औ' हें अक्षर 'अ' पुढें मात्रा देऊन टंकिलें असेल, तर डोळ्यांस तें कधीं कधीं तसेंच दिसतें, पण संगणकास निराळें वाटतें, आणि आज्ञा मुकाट्यानें त्या ओळीस वगळते.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं मूळ फायलीची प्रत राखिली, आज्ञेचें उत्तर निराळ्या फायलींत घेतलें, व 'डिफ' या साधनानें दोन्ही ताडून पाहिल्या. एकच ओळ निराळी निघाली.