साडीतली मरिया : चित्रकार आंजेलो द फोन्सेका

गेल्या नाताळात बल्लारपूरला एका वर्गमित्राच्या घरी जाण्याचा योग आला. समोरच्या भिंतीवर मरियामातेचे एक जुने कॅलेंडर टांगलेले होते. सोनेरी केस, निळे डोळे, अंगावर निळा पायघोळ झगा. त्याच भिंतीखाली मित्राची आजी पदर डोक्यावर घेऊन सुपात लाखोळी निवडत बसली होती. मी एकदा वर पाहिले, एकदा खाली पाहिले. आजीच्या ते ध्यानात आले असावे. ती म्हणाली, "माय तं आपलीच हाये बाबू, पन दिसते साहेबीणवानी."

हे वाक्य डोक्यातून जाईना. पुढे ग्रंथालयात गोव्याच्या कलेविषयी एक पुस्तक चाळताना एका चित्राच्या छापील प्रतीवर नजर थांबली. सावळी मरिया, अंगावर साडी, पाय अनवाणी. खाली चित्रकाराचे नाव होते आंजेलो द फोन्सेका. आजीला जे वाटले तेच ह्या माणसाला तिच्या कितीतरी वर्षे आधी वाटले होते, आणि त्यापायी त्याला आपला गाव सोडावा लागला होता. मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचित नाही. वास्तविक त्यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य पुण्यात गेले. म्हणून हा लेखनप्रपंच.

फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव ह्या बेटावर एका सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात झाला. घरच्यांच्या दृष्टीने मुलाने डॉक्टर व्हावे हे ओघानेच आले. त्याप्रमाणे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखलही झाले, परंतु मन तेथे रमले नाही. वैद्यकीचा अभ्यास टाकून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तेथेही पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणाने त्यांचे समाधान होईना. शेवटी त्यांनी बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस ह्यांचे शिष्यत्व पत्करले. डॉक्टरी सोडून चित्रकला, आणि चित्रकलेतही मुंबईची नावाजलेली शाळा सोडून बंगाल! ज्यांच्या घरात कॉलेज पाहणारे आपणच पहिले, अशा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही दोन पावले किती अवघड असतात हे सांगायला नको. फोन्सेका यांच्या घरी पैसा होता हे खरे, पण घरच्यांची निराशा पैसेवाल्यांच्या घरीही तेवढीच जड असते.

बंगालमध्ये त्यांना काय मिळाले ते थोडे समजून घेतले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी ताइकान व शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्यास आले होते. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी जलरंगाची एक निराळी रीत बसवली. कागदावर रंग द्यायचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा पातळ रंग चढवायचा, पुन्हा भिजवायचा. असे अनेकदा केल्यावर रंग कागदात मुरतो, कडा विरघळतात आणि चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी एक झाक येते. आपल्याकडे कार्तिकात धानाच्या बांधीवर जे धुके उतरते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही झाक समजावून सांगावी लागणार नाही. तैलरंगात माणूस अंगावर येतो, ह्या रीतीत तो किंचित मागे सरतो. धार्मिक चित्राला हे मागे सरणे फार मानवते असे मला वाटते. अजिंठ्याची रेषा आणि हा विरघळणारा रंग घेऊन फोन्सेका 1931 च्या सुमारास गोव्यात परतले आणि त्यांनी बायबलमधील प्रसंग रंगवायला घेतले. मरियेला त्यांनी साडी दिली, जमिनीवरची बैठक दिली, आपल्याकडच्या माणसांचा वर्ण दिला. येशूचा जन्म आपल्याच मुलखातील एखाद्या घरी झाला असावा, असे त्यांची चित्रे पाहताना वाटते.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तेथील अनेक कॅथलिकांना ही चित्रे रुचली नाहीत. मरियेला साडी म्हणजे तिला हिंदू देवी करणे, असा आक्षेप आला. टीका इतकी वाढली की त्या वातावरणात राहून काम करणे त्यांना अशक्य झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ह्याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली होती. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्याचे ख्रिस्ती भाविक पिढ्यान्पिढ्या ऐकत आले. पुढे आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, तीही लोकांनी आपलीशी केली. म्हणजे मरियेने मराठीत बोललेले कानाला चालले, पण तिने साडी नेसलेली डोळ्याला चालेना. असे का व्हावे? मला वाटते, शब्द ऐकताना प्रत्येकजण मनात आपापली मरिया पाहतो. चित्रकार मात्र सर्वांसमोर एकच चेहरा ठेवतो, आणि तो चेहरा आपल्या शेजारणीसारखा दिसला की माणूस बिचकतो.

हिंदूंनी ह्यावर हसण्याचे कारण नाही. आपल्या घरातल्या तसबिरीतील लक्ष्मी आणि सरस्वती ज्या साडीत उभ्या असतात, ती त्यांना राजा रविवर्मा ह्यांनी नेसवलेली आहे. 1894 साली त्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तेथून निघालेल्या चित्रांनी घरोघरचे देव्हारे भरले. आज आपल्याला वाटते की देवी पहिल्यापासून अशाच होत्या. देवाला वस्त्र आणि चेहरा कुणीतरी माणूसच देतो, फक्त काही काळ लोटला की आपण त्या माणसाला विसरतो.

आणि कॅलेंडरावरची ती गोरी मरिया तरी कुठली? ती होती पॅलेस्टाइनच्या एका खेड्यातील ज्यू मुलगी. सोनेरी केस तिला युरोपच्या चित्रकारांनी दिले. इटालियन चित्रकारांनी तिला इटलीच्या टेकड्यांपुढे बसवले, फ्लेमिश चित्रकारांनी आपल्याकडच्या दिवाणखान्यात. अगदी अलीकडचे उदाहरण डेन्मार्कचे. योआकिम स्कोव्हगोर हा निसर्गचित्रकाराचा मुलगा. त्याने 1901 ते 1906 ह्या काळात व्हीबोर्ग येथील कॅथीड्रलच्या भिंतींवर बायबलची कथा रंगवली आणि त्या देशात त्याचा मोठा मान झाला. प्रत्येक देशाने आपल्या डोळ्यांनी ही कथा पाहिली. भारतीय चित्रकारालाही हे नवीन नव्हते. 1580 साली गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी गेले. त्यांनी नेलेली चित्रे पाहून मोगल चित्रकारांनी मरिया रंगवली, ती आपल्या कलमाने. मग फोन्सेका यांनीच काय अपराध केला होता?

गोवा सोडल्यावर ते पुण्यास आले आणि शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागले. हा आश्रम फादर विन्स्लो ह्या इंग्रज मिशनऱ्याने स्थापन केलेल्या संघाचा. 1922 साली अहमदनगरला संघाची सुरुवात झाली, काही वर्षांनी तो पुण्यास आला. आश्रमातील लोक खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत. गंमत अशी की हा आश्रम अँग्लिकन पंथाचा, आणि फोन्सेका शेवटपर्यंत कॅथलिकच राहिले. आपल्या पंथाच्या लोकांनी ज्याला दूर केले त्याला दुसऱ्या पंथाच्या लोकांनी खोली दिली, आणि तेथे बसून त्याने पहिल्या पंथाची श्रद्धा रंगवली. कॅथलिकांतही त्यांची पाठराखण करणारे होते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेरास हे त्यांतले प्रमुख.

ह्याच आश्रमाशी आपल्या मुलखाचाही दूरचा एक धागा आहे. व्हेरिअर एल्विन 1927 साली इंग्लंडहून भारतात आले ते ह्याच संघाचे सभासद म्हणून. पुढे संघ सोडून 1932 साली ते शामराव हिवाळे ह्या मराठी मित्राबरोबर मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये जाऊन राहिले, आणि नंतर त्यांनी आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये काम केले. मुरियांच्या घोटुलावरचा त्यांचा ग्रंथ 1947 चा आणि मध्य भारतातील आदिवासींच्या कलेवरचा 1951 चा. लाकडावरचे कोरीवकाम, भिंतीवरची चित्रे, केसात खोवायच्या फण्या ह्यांना त्यांनी कला म्हटले, आणि ही कला हातची जात आहे म्हणून हळहळ केली. एका आश्रमातून एकजण रानातल्या माणसांकडे गेला, दुसऱ्याने देवाला आपल्या माणसांत आणून बसवले. दोघांचे मार्ग निराळे, परंतु आपल्याकडे पाहायला दुसऱ्याचा चष्मा लागत नाही, ही खूण दोघांच्याही कामात दिसते.

आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला हे सारे कळायला कठीण जाऊ नये. दंडारीत आमच्या गावचा कृष्ण झाडीबोलीतच बोलतो आणि गवळणीही तिच्यातच त्याला उत्तर देतात. त्याने कुणाचा देव बाटला असे कधी ऐकले नाही. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या देवळावर जे शिल्पकार खपले, त्यांनीही अप्सरांच्या अंगावर आपल्या काळचेच दागिने घातले असणार.

फोन्सेका यांच्या चित्रांविषयी माझी एक तक्रारही आहे. मी मूळ चित्रे पाहिलेली नाहीत, छापील प्रतींवरूनच बोलतो आहे. त्यांची मरिया भारतीय आहे, पण अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखी आहे. तिची बोटे लांब आणि निमुळती आहेत. ज्या बाईने रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावले आहेत, उन्हाळ्यात पहाटे उठून मोहफुले वेचली आहेत, तिची बोटे अशी नसतात. मरिया सुताराची बायको होती. बंगालच्या शैलीने तिला सौंदर्य दिले, पण तिच्या हातावरचे घट्टे पुसून टाकले. कदाचित देव्हाऱ्यातल्या चित्राला तेवढे सौंदर्य लागतही असेल. तरी माझ्या आईचे हात पाहिल्यावर मला हे खटकते, ते खटकतेच.

त्या पुस्तकातील चित्राची प्रत काढून मी मित्राच्या आजीला नेऊन दाखवली. आता ती खूश होईल अशी माझी खात्री होती. तिने चित्र हातात धरून पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "चांगली हाये. पन हे तं आपल्यासारखीच बाई हाये बाबू. हिच्यापुढं मेणबत्ती लावाची कशी?" मी गप्प झालो. गोव्यातील ज्या लोकांना मी मनातून अडाणी ठरवले होते, त्यांचाच प्रश्न ती विचारीत होती, आणि तीच मला पहिल्या दिवशी साहेबीण म्हणाली होती. दूरची मरिया परकी वाटते, जवळची मरिया देव वाटत नाही. फोन्सेका ह्या दोन टोकांच्या मध्ये तीसहून अधिक वर्षे चित्रे काढीत राहिले. आता मला त्यांच्या कामाची खरी अडचण कळली. विरोध करणारे पाद्री ही त्यातली लहान अडचण होती.

कालांतराने वारे बदलले. 1950 च्या पवित्र वर्षात व्हॅटिकनमध्ये निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती कलेचे प्रदर्शन भरले, त्यात फोन्सेका यांची चित्रे होती. 1951 साली त्यांचा विवाह झाला, आणि नंतरच्या काही चित्रांत मरियेला त्यांच्या पत्नीचा चेहरा आला. 1963 साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने जाहीर केले की चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, सर्व देशांच्या कलेला तेथे जागा आहे. फोन्सेका हेच रंगाने सांगत होते त्याला तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. 28 डिसेंबर 1967 रोजी, नाताळ होऊन तीन दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. गोवा त्यापूर्वी सहा वर्षे मुक्त झाला होता.

त्यांच्या पश्चात चित्रे कित्येक वर्षे पत्नीने जपून ठेवली आणि पुढे गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. ज्या भूमीने चित्रकाराला ठेवून घेतले नाही, तेथे चित्रे परत गेली. मित्राच्या घरी मी नेलेली प्रत आजीने टाकून दिलेली नाही. भिंतीवर ती जुन्या कॅलेंडरच्या शेजारी, खिळा न मिळाल्यामुळे सध्या कणकेने चिकटवलेली आहे. मेणबत्ती मात्र अजून कॅलेंडरापुढेच लागते.