नोंदीत काय जावे, काय जाऊ नये

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे आणि त्यांची दाने कोरलेली आहेत. शतके लोटली तरी ती वाचता येतात. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या हातीही अशीच टिकाऊ नोंद असते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेली ‘गिट’ ही प्रणाली फाइलींतील बदलांचा इतिहास जपते. ‘कमिट’ म्हणजे त्या इतिहासातील एक नोंद. आज फाइल काढून टाकली, तरी कालच्या कमिटमध्ये ती तशीच राहते. समजा, आंबेगाव तालुक्यातील एखाद्या वसतिगृहासाठी हजेरीचा प्रोग्रॅम केला. त्याच्याच फोल्डरमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे आणि मुलांच्या जन्मतारखा, जातीचे दाखले, पालकांचे फोन क्रमांकही आहेत. हे सारे नकळत कमिट होऊ शकते. म्हणून पुढील नियम ध्यानात ठेवावेत.

१. फाइल अद्याप नोंदीत आली नसेल, तर तिचे नाव ‘.गिटइग्नोर’ या यादीत लिहावे. केवळ आपल्या संगणकापुरती वगळायची असल्यास ‘.गिट/इन्फो/एक्सक्लूड’ या फाइलीत लिहावे.

२. फाइल आधीच नोंदीत असेल, तर ही यादी तिला लागू होत नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड’ ही आज्ञा देऊन कमिट केल्यास ती पुढील नोंदींतून वगळली जाते. आपल्या संगणकावर मात्र राहते.

३. सेटिंगची फाइल सर्वांना हवी, पण पासवर्ड ज्याचा त्याचा, अशा वेळी रिकामी नमुना-फाइल कमिट करावी. प्रत्येकाने तिची प्रत काढून आपली माहिती भरावी आणि ती प्रत यादीने वगळावी. यासाठी काहीजण ‘अझ्यूम-अनचेंज्ड’ किंवा ‘स्किप-वर्कट्री’ या खुणा वापरतात; त्या या कामासाठी नाहीत.

४. एकाच फाइलीतील काही बदल वगळायचे असल्यास ‘गिट अ‍ॅड --पॅच’ वापरावे. ती आज्ञा प्रत्येक बदल दाखवून घ्यावा की नाही हे विचारते.

चूक झालीच, तर प्रथम पासवर्ड बदलावा, मग जुना इतिहास स्वच्छ करावा. तोवर कोणी प्रत घेतली असल्यास ती परत येत नाही. पासवर्ड बदलता येतो; मुलाची जन्मतारीख आणि जात बदलता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. लेण्यांतील दात्यांनी आपली नावे स्वेच्छेने कोरून घेतली होती. वसतिगृहातील मुलाने तसे कोणाला सांगितलेले नसते.