फायबरच्या कामाला हात घालण्याआधी

बाईकची साइड पॅनल स्वतः बनवायची म्हणतोस, झकास. पण ते काळं चकचकीत कार्बनचं कापड बघून पाघळला आहेस, हे तोंडावरच दिसतंय. टेक जरा, सांगतो.

१. पहिले दोन-तीन नग काचेच्या फायबरमध्येच काढ – रेझिन मुरलं की काच पारदर्शक होते आणि कोरडी जागा, बुडबुडा लगेच दिसतो. कार्बन भिजण्याआधी काळा, भिजल्यावरही काळाच. काळं कापड चूक झाकतं, भरून काढत नाही.

२. जिथं आपटणार, घासणार तिथं काच. जिथं वजन वाचवून ताठपणा हवा तिथंच कार्बन – कार्बन काचेच्या जवळजवळ तिप्पट ताठ आणि वजनालाही हलका, पण ताण वाढला की फारसा न वाकता एकदम तुटतो. काच आधी वाकून दाखवते.

३. कार्बनला एपॉक्सीच दे – स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन त्याला तितकं घट्ट धरत नाही, मग कापडाचे पैसे पाण्यात. आणि साधी चॉप्ड मॅट घेशील ती पॉलिएस्टरसाठीच – तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, आणि एपॉक्सीत स्टायरीन नसतं.

४. एपॉक्सी वजनकाट्यावर मोज, ‘लवकर वाळू दे’ म्हणून हार्डनर सढळ हातानं ओतू नकोस – जादा हार्डनर तसाच उरतो आणि पॅनल मऊच राहतं. पॉलिएस्टरचा कॅटलिस्ट शेकडा १ ते २ मध्ये मागेपुढे चालतो, म्हणून त्याची सवय एपॉक्सीला लावायची नाही.

५. हे मात्र दोनदा वाच. पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, मगच कॅटलिस्ट – दोन्ही थेट भेटले तर भडका उडतो, स्फोटही होतो. बाटल्या वेगळ्या फळीवर, मापंही वेगळी. कॅटलिस्ट ओतताना डोळ्यांवर गॉगल हवाच – एका थेंबानं दृष्टी जाऊ शकते. उडालाच तर लगेच नळाखाली डोळा धर, निदान १५ मिनिटं, आणि तिथून थेट डॉक्टर.

६. कालवलेलं रेझिन पसरट ताटलीत ओत – साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. डबा उभा, तर धूर उभा.

७. कापायच्या रेघेवर आधी मास्किंग टेप लाव – नाहीतर विणीचे धागे सुटत जातात. कात्री स्वतःची आण, आईची नको – काच धार खाईल आणि तू बोलणी खाशील.

८. कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये काचेचा एक थर घाल – ओलावा मिळाला की अॅल्युमिनियम कुरतडलं जातं, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच.

९. जीपीएसवर कार्बनचं झाकण नको – सिग्नल अडतो. कार्बनची धूळही वीज वाहून नेते, म्हणून चार्जर, लॅपटॉप यांच्याजवळ घासू नकोस.

१०. पावसाळ्यात एपॉक्सीवर मेणचट थर आला तर आधी पाण्यानं धू, मग पॉलिश पेपर – उलट केलंस तर तो आत भरला जातो आणि पुढचा थर धरत नाही.

११. ओलं घास, मास्क लाव – धूळ छातीत जायला नको. अंगाला काच टोचू लागली तर चिकटपट्टीनं उचल, चोळू नकोस.

तुझ्या साइड पॅनलला काच पुरेशी आहे. शोभेला वरून कार्बनचा एक थर लावायचाय? लाव की, फक्त बाईक हलकी झाली असं चारचौघांत सांगू नकोस.