घराची ओल आणि भाडेकरूचे आरोग्य

पावसाळ्याच्या दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, औषध चालू आहे तोवर बरे वाटते, बंद केले की पुन्हा खोकला!" अशा वेळी मी घराची चौकशी करतो. भिंतीला ओल आहे का? खिडकी उघडते का? रुग्ण कोणत्या भिंतीला लागून झोपतो? पुष्कळदा उत्तर मिळते, "ओल आहेच, पण घर भाड्याचे. मालकांना बोलायचे कसे? उद्या जागा सोडा म्हणतील." या भीतीपोटी कुटुंबेच्या कुटुंबे वर्षानुवर्षे ओलीत दिवस काढतात. म्हणून आज आजाराबरोबरच भाडेकरूच्या हक्काचीही माहिती घेऊ.

ओलीमुळे काय होते?

ओल्या भिंतीवर बुरशी धरते. तिचे अतिशय बारीक कण हवेत मिसळतात आणि श्वासावाटे आत जातात. त्यामुळे शिंका, खोकला, छातीत घरघर असे त्रास सुरू होतात व दमा असलेल्याचा दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली या विषयावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार यांचा धोका अधिक असतो, असे तीत म्हटले आहे. लहान मुले व वृद्ध यांना हा त्रास लवकर होतो.

क्षयरोग ओलीने होत नाही, तो जंतूमुळे होतो. मात्र हवा न खेळणाऱ्या कोंदट खोलीत एकाला क्षय असेल तर इतरांना लागण होण्याचा धोका वाढतो. फुटक्या गटाराचे पाणी नळाच्या पाण्यात मिसळले तर जुलाब व कावीळ होऊ शकते. ओल्या भिंतीत जुनी वायर असेल तर विजेचा धक्का बसण्याची भीती असते, ती वेगळीच.

माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी दम्यासाठी येत असे. जुन्या वाड्यातील खोली, आणि वरच्या मजल्यावरील मोरीचे पाणी नेमके तिच्या अंथरुणाजवळच्या भिंतीत मुरत होते. वडिलांनी दोनदा पदरमोड करून रंग दिला, पण थोड्याच दिवसांत पुन्हा पोपडे निघाले. अखेर वाड्यातील तीन बिऱ्हाडांनी मिळून मालकांना लेखी कळवले. मालकांनी पाइप बदलून दिला. मुलीचा दमा समूळ गेला असे मी म्हणणार नाही, तिचे औषध आजही चालू आहे. पण रात्री-अपरात्री तिला उचलून आणण्याची वेळ आता क्वचितच येते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. शासनाने यादीत घेतलेल्या शहरांना तो लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जागा राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मालक टाळाटाळ करीत असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

१) मालकास किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. काय नादुरुस्त आहे ते स्पष्ट लिहावे. नोंद राहील अशा टपालाने ती पाठवावी व पोच जपून ठेवावी. भिंतीचे फोटो काढून ठेवावेत.

२) वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. अनेक भाडेकरूंना एकत्र येऊनही हे करता येते.

३) ही वजावट एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नसावी. समजा, भाडे महिना २००० रुपये आहे. वर्षाचे झाले २४,००० रुपये, म्हणजे वजावट ६००० रुपयांपर्यंत. जुन्या बिऱ्हाडांचे भाडे फारच थोडे असते, तेथे ही रक्कम अपुरी पडते. अशा वेळी सर्वांनी मिळून मालकांशी बोलणी करावीत व वकिलाचा सल्ला घ्यावा.

४) सामान आणि मजुरी यांची प्रत्येक पावती सांभाळावी. कायद्याने या हिशेबाला पुरावा मानले आहे.

पाणी, वीज, जिन्यातील दिवा, संडासाची सोय यांपैकी काही मालकाने योग्य कारणाशिवाय बंद केले, तर कलम २९ नुसार न्यायालयाकडे दाद मागता येते. गटार तुंबले असेल वा भिंत कलली असेल, तर नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. भिंत पडण्याजोगी असल्यास आधी माणसे बाहेर काढावीत, अर्ज नंतर.

हे मात्र करू नका

रागाच्या भरात भाडे बंद करू नका. भाडे थकले की आपलीच बाजू लंगडी पडते. दरमहा भाडे द्या आणि पावती घ्या. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भिंत पाडणे वा नवे पक्के बांधकाम करणेही टाळा, कारण जागा खाली करून घेण्यास ते कारण ठरू शकते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना कलम १४ चा आधार धरता येत नाही. त्यांनी सही करण्यापूर्वीच दुरुस्ती कोणाकडे, ते करारात लिहून घ्यावे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

तोपर्यंत घरात काय करावे?

अंथरूण व कपाट ओल्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत. उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडाव्यात. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसावी व जागा कोरडी करावी. पुसताना नाका-तोंडाला फडके बांधावे व दमेकऱ्याने हे काम करू नये. बुरशीवर नुसता रंग फासून उपयोग नाही, पाणी मुरण्याची जागा आधी बुजवली पाहिजे.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी अवश्य करून घ्या. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातील ओलीविषयी आपणहून सांगा. घरमालकांनाही एक विनंती. गळती सुरुवातीलाच थांबवली तर थोड्या खर्चात भागते, तुमची भिंतही टिकते आणि तिच्या आड झोपणारे लेकरूही सुखाने श्वास घेते.