शेजाऱ्याच्या भिंगात काय दिसत होतं?

प्रश्न : मुलीकडे कॅलिफोर्नियाला राहून आलो. तिच्या शेजारच्या गृहस्थांनी परसात चक्क गांजाची झाडं लावली होती. सप्टेंबर संपत आला तसे ते रोज सकाळी डोळ्याला सोनाराचं भिंग लावून फुलं न्याहाळायचे आणि मान हलवत घरात जायचे. ते नेमकं काय बघत होते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी कायद्याचं. नोव्हेंबर २०१६ च्या मतदानानंतर कॅलिफोर्नियात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी सहा झाडं लावता येतात. ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आणि उघड्यावर लावू द्यायची की नाही हे तिथलं शहर किंवा काउंटी ठरवते. तेव्हा गृहस्थ बहुधा नियमातच होते.

आता भिंग. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर राळेच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. दिसायला टाचणीसारख्या, खाली बारीक देठ आणि वर गोल डोकं. नशा आणणाऱ्या टीएचसीचं मूळ रूप या डोक्यातच साठतं. ही डोकी आधी काचेसारखी पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात आणि शेवटी मधाच्या रंगावर जातात. बहुतेक डोकी दुधाळ आणि अधूनमधून एखादं पिवळसर दिसू लागलं की काढणीची वेळ झाली, असा तिथल्या लोकांचा ठोकताळा. फार थांबलं तर टीएचसी हवेने बदलून त्याचं सीबीएन हे दुसरं रसायन होत जातं आणि जोर कमी होतो. जाणकार भिंग धरतात ते फुलाच्या आवरणावर, लगतच्या बारीक पानांवर नाही, कारण पानांवरच्या ग्रंथी लवकर रंग बदलतात आणि चकवतात.

फुलातून बाहेर आलेले पांढरे केसही पुढे तपकिरी होतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, म्हणून नवखे त्यावरच भिस्त ठेवतात. पण पराग पडला किंवा पावसाचा मार बसला तरी ते केस सुकतात. त्यांच्यावरून घाई करू नये.

सप्टेंबरच का, तर हे झाड शेवंतीसारखंच रात्र लांबू लागली की फुलावर येतं. त्यामुळे राज्यभरातली उघड्यावरची झाडं मागंपुढं एकाच सुमाराला तयार होतात, इतकी की तिथे ऑक्टोबरला गमतीने ‘क्रॉप्टोबर’ म्हणतात. खरी पंचाईत इथेच होते. हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या उत्तरेकडच्या भागांत नेमका त्याच दिवसांत धुकं आणि पाऊस सुरू होतो. घट्ट बोंडात ओल शिरली की राखी बुरशी धरते, तीही आतून. बाहेरून बोंड ठणठणीत. त्यातलं एखादंच पान वाळलेलं दिसतं, चिमटीत धरलं की अलगद निघून येतं, आणि बोंड उकललं तर आत तपकिरी लगदा. म्हणून पावसाचा अंदाज आला की शहाणा माणूस भिंग खिशात ठेवतो आणि कात्री काढतो. आठवडाभर आधी कापलेलं पीक थोडं कमी पडेल, बुरशीचं मात्र फेकूनच द्यावं लागतं. सगळं झाड एकदम कापायचंही कारण नाही. उन्हातली शेंड्याची बोंडं आधी काढून सावलीतली खालची काही दिवस ठेवता येतात.

आपल्याकडेही हे पीक होतं बरं का. इंग्रज सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने नगर जिल्ह्यातली, खांडव्याकडची आणि बंगालातल्या नौगावची गांजाची शेती नोंदवली आहे. बी धरू नये म्हणून नर झाडं वेळेत ओळखून उपटणं, हे तिथलं कसबाचं काम. आज १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. याच कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं किंवा बी त्या व्याख्येत येत नाही. पानांपासून केलेल्या भांगेची दुकानं काही राज्यांत सरकारी परवान्यावर चालतात ती या फटीमुळे. पण या फटीतून परसात रोप लावायची मुभा मिळत नाही, तेवढं मुलीकडून बी मागवण्याआधी ध्यानात असू द्या.